पंखाखालची रेघ

अश्विन रामटेकेच्या हाताला यश होतं आणि जिभेला हाड नव्हतं. हे त्याचा बापच सांगायचा, नागभीडच्या स्टेशनाबाहेर चहा पिता पिता. पहिलं सांगताना बापाची छाती फुगायची, दुसरं सांगताना हात कपाळाला जायचा. चंद्रपूरच्या बाहेर एक धावपट्टी आहे, तिथे पोरापोरींना विमान चालवायला शिकवतात. अश्विन तिथे मेकॅनिक होता. काम उत्तम करायचा. लायसन तेवढं मिळायचं राहिलं होतं, आणि त्यासाठी मुख्य इंजिनिअर देशकर साहेबांचं शिफारसपत्र लागणार होतं. साहेब हवाई दलातून निवृत्त होऊन आलेले, कडक, पण मनाने वाईट नाहीत. त्यांचा नियम एकच होता. विमानाला काही झालं तर आधी मला सांगायचं आणि मग हात लावायचा, उलटं चालणार नाही.

शकुबाई तिथेच हँगर, म्हणजे विमानं ठेवायची शेड, झाडायची आणि विमानं धुवायची. शेजारच्या गावातली, पन्नाशीला टेकलेली बाई, कामाला वाघीण. गावात तिच्या जर्मनच्या भांड्यांची कीर्ती होती. ॲल्युमिनियमला आपल्याकडे जर्मन म्हणतात. का म्हणतात ते जर्मनीतल्या लोकांनाही सांगता यायचं नाही. शकुबाईचा भाताचा गंज, म्हणजे पातेलं, इतका लखलखीत की गावात लग्न निघालं की बाया तिच्याच घरची भांडी मागायला यायच्या. तिची रीत साधी होती. चुलीतली राख चाळून घ्यायची, तारेच्या घासणीवर चिमूटभर टाकायची आणि भांडं तोंड दाखवेपर्यंत गोल गोल घासत राहायचं.

हँगरमध्ये पाच-सहा विमानं होती. त्यांतल्या एका जुन्या दोन सीटच्या विमानाला पोरं चांदी म्हणायची. बाकी सगळी विमानं नखशिखांत रंगवलेली, पण चांदीच्या पंखांची खालची बाजू कोऱ्या पत्र्याची होती आणि उन्हात चमकायची. दसऱ्याला हँगरमध्ये औजारांची आणि विमानांची पूजा होते, संस्थेचे मोठे लोक येतात, फोटो निघतात. म्हणून आदल्या दिवशी शकुबाईला सांगितलं होतं की सगळी विमानं चकाचक पाहिजेत. चांदीच्या डाव्या पंखाखाली इंजिनाच्या धुराचं काळं चढलेलं होतं आणि ते साबणाला दाद देईना.

तेव्हा अश्विन फोनवर होता. दसऱ्याला घरचे सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार होते आणि गाडीत माणसं जास्त, जागा कमी, असा चुलतभावाशी वाद चालला होता. शकुबाईने जवळ येऊन विचारलं, "भाऊ, हे पंख कशाचे हायेत? साबणानं काळं निघून नाई राह्यलं."

अश्विनने फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, "जर्मनच हाये ते, बाई. तुमच्या घरच्या गंजावानी. घासा मस्त."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. बोलून तो हसला, पुन्हा गाडीच्या वादात शिरला आणि थोड्या वेळाने सुटी घेऊन घरी निघून गेला. शकुबाईने मात्र मेकॅनिकचा शब्द तो शब्द मानला. ती घरी गेली, राख चाळली, नवी कोरी घासणी घेतली आणि संध्याकाळपर्यंत स्टुलावर उभी राहून चांदीचा डावा पंख खालून घासून काढला. हात भरून आले तरी थांबली नाही. पूजेला आलेल्या मोठ्या लोकांनी चांदीचंच कौतुक केलं, आणि झेंडूची माळही तिच्याच नाकावर सगळ्यात मोठी चढली.

अश्विन नागपूरहून परत आला आणि सकाळच्या तिरप्या उन्हात चांदीखाली वाकला. आख्ख्या पंखाखाली बारीक बारीक गोल ओरखडे उठले होते, घासलेल्या ताटाला असतात तसेच. तेही एक वेळ चाललं असतं. पण पंखाला आधार देणारा तिरपा दांडा जिथे मिळतो, तिथे रिव्हेटच्या, म्हणजे पत्रा जोडणाऱ्या खिळ्यांच्या, ओळीजवळ एक वीतभर रेघ होती. राखेत खडा आला असेल नाहीतर घासणीची तार सुटली असेल. त्याने नख फिरवलं तर नख अडकलं.

विमानाचा पत्रा म्हणजे नुसतं जर्मन नव्हे, हे अश्विनला चांगलं ठाऊक होतं. आत कणखर मिश्रधातू आणि वर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा, तो पत्र्याला हवेपासून जपतो. ओरखडा पापुद्र्यापुरता असेल तर गेली फक्त चमक. पापुद्रा फाडून आत गेला तर मात्र तिथून पत्रा झिजतो, आणि पुढे तिथूनच तडा जातो. त्यात ही रेघ पंखाच्या खालच्या अंगाला. उडताना पंख वर वाकतो आणि खालचा पत्रा ताणला जातो. शिवाय लोखंडी तारेचे कण ओरखड्यांत अडकले की गंज चढतो, आणि राखेचा खार ॲल्युमिनियमला खातो. एका घासणीने जेवढं वाईट करता येतं तेवढं सगळं करून ठेवलं होतं.

अशा वेळी काय करायचं हे पाठ होतं. साहेबांना सांगायचं, भिंगातून बघायचं, खोली मोजायची, आणि मापात बसत असेल तर रेघेच्या कडा हलक्या हाताने पसरट करून घ्यायच्या, म्हणजे धारदार खाच उरत नाही. सकाळभराचं काम. अश्विन साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलासुद्धा. पण दारात त्याला पुढचा प्रश्न ऐकू आला, जो साहेबांनी अजून विचारलाही नव्हता: तिला घासायला सांगितलं कोणी? शिफारसपत्र त्याच महिन्यात जायचं होतं. तो दारातूनच मागे फिरला.

पाणी प्यायला म्हणून तो मागच्या नळावर गेला, तिथे शकुबाई फडके पिळत होती. तिला बाजूला घेऊन त्याने सांगितलं की घासणीने पंख खराब झाला आहे, एक रेघ खोल गेली आहे, असं करायचं नसतं. आता मला काढून टाकतील काय, असं तिने विचारलं. अश्विन म्हणाला, "कोणाले सांगू नका, बाई. मी करतो बरोबर." शकुबाईने ओल्या हातांनी त्याला नमस्कार केला. आपणच सांगितलं होतं हे त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं, आणि इतकं सहज गिळलं गेलं याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

जेवणाच्या सुटीत सगळे मेसला गेले की तो चांदीखाली शिरायचा. आधी राखेचा अंश राहू नये म्हणून पंख स्वच्छ धुऊन काढला. मग सगळ्यात बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून, पंखाच्या लांबीच्या दिशेने, दाब न देता ओढत राहिला. गोल ओरखडे हळूहळू विरघळले. मग मऊ कापड आणि पॉलिश. हात खरोखर यशाचा होता. उरली ती रेघ. खोली मोजायचं गेज साहेबांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात. किल्ली मागायची म्हणजे कशाला ते सांगायला हवं. त्याने मागितली नाही. रेघेवर पेपर फिरवत राहिला, नख अडकायचं थांबेपर्यंत. नख थांबलं म्हणजे कडा बोथट झाल्या एवढंच. रेघ मुळात किती खोल होती आणि घासून त्याने पत्रा किती पातळ केला, हे आता त्यालाही कळायला मार्ग नव्हता. शेवटी पॉलिश मारल्यावर रेघ कुठे होती ते शोधायला त्यालाच बोटाने चाचपावं लागलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ ज्याची त्याला आत काय आहे ते ठाऊक असतं ना. चांदी रोज उडायची. ती धावपट्टीवरून उठली की अश्विनचे हात थांबायचे. दुसऱ्याच इंजिनाचा बोल्ट सोडवत असला तरी कान आभाळाकडे. चाकं जमिनीला लागली की श्वास सुटायचा, आणि लगेच दुसरा विद्यार्थी तिच्यात चढायला निघायचा. आपण बाईला वाचवलं, असं तो मनाशी म्हणायचा. गरीब बाईची नोकरी गेली असती, असंही म्हणायचा. पण खाई त्याला खवखवे. आपण वाचवलं ते आपलं शिफारसपत्र, हे त्याला आतून पक्कं माहीत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

आणि शकुबाईची कृतज्ञता तर त्याचा जीव खायला उठली होती. ती त्याच्यासाठी डबा आणू लागली. कधी जवसाची चटणी, कधी गरम सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केळीच्या पानात गुंडाळून. हँगरमधल्या प्रत्येकाला सांगायची की अश्विनभाऊसारखा माणूस नाही. कशासाठी ते सांगायची नाही, पण सांगायची. त्याने सांबारवडी खाल्ली नाही असं नाही. खाल्ली, चांगली लागली, आणि म्हणूनच नंतर जास्त खुपली. विमान पुसताना ती आता प्रत्येक गोष्ट तीनदा विचारायची, हा फडका चालते का, हे पाणी चालते का. एकदा हळूच म्हणाली, "भाऊ, त्या रेघेनं काई होणार नाई ना?"

"काईच होत नाई, बाई," अश्विन म्हणाला. तिने मान हलवली. पुढे चांदी उडाली की शकुबाई झाडू घेऊन हँगरच्या दारात उभी दिसायची. अश्विनला वाटलं, बाईला विमानाची हौस लागली.

सगळ्यांत त्याला जड जायची ती दिव्यानी. कुरखेड्याकडची पोरगी, सरकारी योजनेतून निवड झालेली. तिच्या गावात विमान फक्त आवाजाने माहीत. पोरगी भारी नेटकी होती. उडायच्या आधी विमानाभोवती फेरी मारून सगळं तपासायचं असतं; बाकीची पोरं ती फेरी देवळाच्या प्रदक्षिणेसारखी उरकतात, ही प्रत्येक रिव्हेटकडे बघायची. चांदीच्या डाव्या पंखाखाली आली की तळवा फिरवायची, नेमका तिथेच, आणि विचारायची, "बरोबर हाये ना, दादा?" अश्विन "हो" म्हणायचा. एका अक्षराचा शब्द, पण दर वेळी तो जास्त कष्टाने निघायचा.

मग दिव्यानीच्या लांबच्या एकटीच्या उड्डाणाचा दिवस आला. इथून गोंदियाला आणि परत, सोबत शिक्षक नाही. सगळा रस्ता जंगलावरून, मध्ये काही बिघडलं तर खाली टेकवायला धानाच्या चार बांध्या, म्हणजे भातखाचरं, सोडून जागा नाही. विमान ठरलं होतं चांदी. अश्विनने आदल्या दिवशी दुसरं विमान द्या म्हणून आडून सुचवून पाहिलं. कारण काय, असं साहेबांनी विचारलं. त्याने म्हटलं, असंच. असंच म्हटल्यावर कोणी विमान बदलत नाही. जाता जाता साहेबांनी सांगितलं की त्याचं शिफारसपत्र लिहून तयार आहे, सही करून उद्याच टपालात टाकतो. अश्विनने आभार मानले आणि स्वतःचीच त्याला शिसारी आली.

सकाळी थंडी होती. दिव्यानीने नेहमीसारखी फेरी मारली. डाव्या पंखाखाली तळवा फिरवला, पण आज तिचा हात तिथे जरा रेंगाळला. चेहऱ्यावर भीती होती, कुणालाही दिसली असती. शकुबाई फडका घेऊन जवळच उभी होती. तिने पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बिनधास्त जा, पोरी. या पंखाले अश्विनभाऊनं स्वतः हात लावला हाये. मी पाह्यलं ना आपल्या डोळ्यानं."

दिव्यानी हसली, अश्विनकडे बघून मान हलवली आणि आत चढून बसली. या वेळी तिने विचारलंही नाही. विचारलं असतं तर कदाचित त्याने पुन्हा "हो" म्हटलं असतं. न विचारता तिने विश्वास टाकला, आणि तो त्याला सोसवेना. विमानाच्या नाकावरचा पंखा फिरू लागला होता. अश्विन धावत विमानासमोर लांब जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले, बंद कर, बंद कर. पंखा थांबला. आवाज अर्ध्यावरच तुटलेला ऐकून देशकर साहेब चहाचा कप हातात घेऊन बाहेर आले.

अश्विनने सांगून टाकलं. पंखाखाली ओरखडा होता, मी तुम्हाला न सांगता घासला, किती खोल होता आणि आता किती पत्रा राहिला ते मला माहीत नाही. साहेबांनी कप जमिनीवर ठेवला. ओरखडा पडला कसा, असं विचारलं. अश्विन तोंड उघडणार एवढ्यात शकुबाई पुढे आली.

"म्या घासलं, साहेब. तारेच्या घासणीनं. भाऊची काई गलती नाई."

"माझी आहे," अश्विन म्हणाला. "मीच त्यांना सांगितलं होतं. जर्मन आहे, घरच्या भांड्यासारखं घासा म्हणून. मजाक केली होती. नंतर तुम्ही विचाराल म्हणून लपवलं."

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गेज आणवलं, भिंग आणवलं आणि स्वतः पंखाखाली गेले. जागा साफ करून तिथे लाल द्रावण फवारलं. ते तड्यात मुरायला थोडा वेळ द्यावा लागतो. मग पुसायचं आणि वरून पांढरा थर द्यायचा. तडा असेल तर पांढऱ्यात लाल रेघ वर येते. सगळे वाट बघत उभे राहिले. दिव्यानी खाली उतरली होती आणि पंखाकडे नाही, अश्विनकडे बघत होती. पांढरा थर वाळला. लाल रेघ आली नाही. साहेबांनी गेज लावून पत्रा किती खोल घासला गेला ते मोजलं, पुन्हा मोजलं, आणि म्हणाले की मापात आहे, अगदी काठावर, पण मापात आहे.

दिव्यानीला दुसरं विमान दिलं गेलं. तिने त्याच्याभोवती पहिल्यापासून पुन्हा फेरी मारली आणि ती गेली. साहेबांनी अश्विनला एवढंच सांगितलं की पत्र या वर्षी जाणार नाही. पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर दुपारच्या जेवणाआधी काम संपलं असतं आणि पत्रही गेलं असतं, असंही म्हणाले. शकुबाईला ते काही बोलले नाहीत. ज्याला शिकवलं नाही त्याला रागवायचं नाही, असं पुटपुटत आत निघून गेले.

चांदीखाली ती दोघंच राहिली. अश्विनला वाटलं होतं की मनावरचा धोंडा उतरेल, आणि खरं सांगायचं तर थोडा उतरलाही होता. तो म्हणाला, "बाई, माफ करा. मीच म्हटलं होतं घासा म्हणून."

"ते मले ठाऊक हाये, भाऊ. मी कुठी विसरली. पण मले वाटलं, तुमी मजाकमंदी बोलून गेले, तुमाले ध्यानातही नसन. मजाक मलेच समजाले पाह्यजे होती." मग विचारलं, "तुमाले आठोत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," अश्विन म्हणाला.

शकुबाई स्टुलावर बसली. हातातल्या फडक्याची घडी घातली. बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता.

"हे इमान वर गेलं का माह्यानं काम नाई होत होतं, भाऊ. ते खाली उतरेपर्यंत मी झाडू घिऊन दारात उभी राहत होती. मले वाटे, आज ते पोरगी पडली तं माह्या हातानं मेली. लेकी-सुनेले सांगता नाई येत होतं, कोणालेच नाई. तुमाले तेवढा एकच शब्द बोलाचा होता का बाई, यातलं अर्धं ओझं माहं हाये. मी अर्धंच उचललं असतं."

ती उठली, बादली उचलली आणि पलीकडच्या विमानाखाली जाऊन पुसू लागली.